ज्यू नायिकेचं लग्न

कारंजा लाडच्या स्टँडवर वाशीमची गाडी लागली, तशी धम्मदीपानं हातातली जाडजूड इंग्रजी कादंबरी खिडकीतून टाकून जागा धरली. रुमाल विसरला, मग करते काय! धक्के खात वर चढली, तर जागेशेजारी एक तरुण... आणि कादंबरी चक्क त्याच्या मांडीवर उघडी.

"माहं पुस्तक हाय ते."

"बसा ना. पण ह्या ज्यू पोरीचं पुढं काय होते?"

"काय होणार? दीडशे वर्षांपूर्वीचे इंग्रज लेखक! ज्यू माणूस एक तर कपटी, नाही तर देवमाणूस. अन् पोरगी चांगली निघाली, की म्हणतात — हे बाकीच्या ज्यूंसारखी नाही हो! मंगच तिले घरात घेतात. माही पीएच.डी. त्याच्यावरच हाय."

"वाशीम येईपर्यंत सांगा मंग," तो हसला. आणि ती सांगतच राहिली.

त्या तरुणाचं, पुनीतचं, कारंजात कापडाचं दुकान. त्याला दर शनिवारी वाशीमला एवढं काय काम निघतं, हे त्याच्या आईला, कंचनबाईंना, कळेना. शनिवारी त्याच गाडीनं जाणाऱ्या धम्मदीपाला मात्र शुक्रवारपासूनच कळत असे.

दिवाळीनंतर त्यानं तिला घरी नेलं. जैनांचं घर, त्यामुळे जेवणं दिवस मावळायच्या आत. कंचनबाई मायेनं वाढत म्हणाल्या, "पुनीत सांगत होता, तू तुमच्यातल्या बाकीच्यांसारखी नाही. कांदा-लसूण शिवत नाही म्हणे."

घास तिच्या हातातच राहिला. मेडशीला, गावी, तिच्या आईच्या हातचा लसणाचा ठेचा नसला, तर तिला जेवण जात नसे!

"पुनीत... तू मले त्या कादंबरीतली पोरगी करून टाकलं?"

"आई नाही म्हणन, याचा भेव वाटला."

"म्हणू दे! पण मी जशी हाय, तशीले म्हणू दे." ती उठायला लागली. डोळे भरून आले होते.

पुनीत पांढराफटक पडला. मग आईकडे वळला. "आई, मी खोटं बोललो. हे कांदा खाते, लसूण खाते, घरी बुद्धवंदना करते. बाकीच्यांसारखीच हाय — अन् मले अशीच पायजे."

कंचनबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"बस खाली," त्या शेवटी म्हणाल्या. "भरल्या ताटावरून उठतात काय? माह्या चुलीवर कांदा चढणार नाही, आताच सांगून ठेवते. बाकी लग्न कोणत्या पद्धतीनं, ते तुह्या मायले विचारा लागते. कधी येऊ मेडशीले?"

धम्मदीपा मटकन बसली. पुनीतला कधी सांगितलं नव्हतं, ते त्याच्या आईलाच सांगून मोकळी झाली.

"काकू... मले तुमचा पोरगा लय आवडते."