वळणदाती

नव्या आतड्याला वळण लावायला चाळीस दिवस लागतात, हे २०६८ साली फलटणच्या स्टँडवरचा चहावालासुद्धा सांगेल. रोग्याच्या चार पेशी घ्यायच्या, काचेच्या टाकीत हातभर आतडं वाढवायचं, खराब झालेलं कापून त्या जागी हे शिवायचं. लोकांना आता त्याचं दाढ बसवण्याइतकंही नवल वाटत नाही. अर्थात दुसऱ्याच्या पोटाबद्दल बोलताना सगळेच शूर असतात. स्वतःचं पोट कापायची वेळ आली की काय होतं, ते निनाद भोईटेला विचारा.

भोईटेचं वय एकसष्ट. शेतीच्या ड्रोनचं वर्कशॉप, हाताखाली आठ माणसं, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या बँकेत ऐकू जावा. वर्षभरात त्याच्या डाव्या ओटीपोटात चौथ्यांदा कळ उठली होती. आजाराचं नाव डायव्हर्टिक्युलायटिस. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतात तसे मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारके फुगे येतात. त्यात घाण अडकते, ते सुजतात, आणि एखादा फुटतो. भोईटेचा एक फुटला होता. भोक सुईच्या टोकाएवढं होतं म्हणून वाचला.

"परत फुटला तर?" त्याने साताऱ्याच्या डॉक्टर रेहाना इनामदारांना विचारलं.

"तर सगळ्या पोटात विष पसरेल. तेव्हा विचार करायला वेळ मिळणार नाही. आत्ता मिळतोय."

"आणि कापलं तर?"

"खराब भाग लांबलचक आहे. नुसता काढला तर उरलेली टोकं ताणून जोडावी लागतील. जोड सुटला तर पोटावर पिशवी, बहुतेक कायमची. नाहीतर रोपआतडं, म्हणजे तुमच्याच पेशींतून वाढवलेलं. पण त्याला वळण लावावं लागतं."

हे वळण काय ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आतडं म्हणजे नुसती नळी नव्हे. त्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं असतं. कधी आवळायचं, कधी सैल सोडायचं, हा कारभार ते बराचसा आपल्या मर्जीनं बघतं. मेंदूकडून एक मोठी नस पोटात उतरते. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, सगळ्याचे इशारे तिच्यावरून येतात, आणि कुठल्या इशाऱ्याला कसं वागायचं ते हे जाळं वर्षानुवर्षं शिकत जातं. टाकीत वाढलेल्या आतड्यात जाळं असतं, पण कोरं. म्हणून एक निरोगी माणूस शोधतात, त्याच घरातला, तेच अन्न त्याच वेळेला खाणारा. तो एक नोंदगोळी गिळतो. गोळी त्याच्या आतड्याला चिकटून चाळीस दिवस सगळं टिपते, आणि टाकीतलं आतडं ते गिरवतं. अशा माणसाला वळणदाता म्हणतात.

भोईटेच्या घरात हे कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. पूर्वा. छत्तीस वर्षं तीच स्वयंपाक करत होती. जग कुठल्या कुठे गेलं, तरी ती नवऱ्याला 'अहो'च म्हणायची आणि तो तिला 'अगं'.

फॉर्म भोईटेनेच भरला. 'वळणदात्याच्या जेवणाच्या वेळा' या रकान्यात त्याने लिहिलं, दुपारी एक, रात्री आठ, माझ्याबरोबर.

"अहो," शेजारी बसलेली पूर्वा म्हणाली.

"तू थांब. लिहू दे मला."

ती थांबली.

पूर्वाने गोळी गिळली. चाळीस दिवस भरल्यावर, ऑपरेशनच्या सकाळी त्याला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं, ते सोडेना. मेलो तर मेलो, पण पिशवी लावून जगायचं म्हणजे काय, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना.

"जोड सुटणार नाही ना गं?"

"नाही सुटायचा," ती म्हणाली. "मी आहे ना."

इस्पितळातले आठ दिवस चांगले गेले. तिसऱ्या दिवशी वारा सरला. ही बातमी नर्सने बारसं असल्यासारखी सगळ्या वॉर्डला सांगितली. मग भाताची पेज, मग मऊ भात. पोटाला उशी दाबून तो व्हरांड्यात चालायचा. टाक्यांवर ताण येतो म्हणून बोलायचासुद्धा दबक्या आवाजात, आणि नर्सना हा फार गरीब स्वभावाचा माणूस वाटायचा.

घरी आल्यावर चार-पाच दिवसांत टाके दुखायचे थांबले आणि आवाज परत आला. त्याच दिवशी दुपारी एक वाजता तो पाटावर बसला, "वाढलंस का?" म्हणून हाक मारली, आणि डाव्या कुशीत मूठ आवळल्यासारखं झालं.

कळ म्हणावी तर कळ नव्हती. तळहाताला घाम सुटला, छातीत धडधड. काहीतरी चुकलंय, आता ते कुणाच्या तरी लक्षात येणार, असं वाटत राहिलं. काय चुकलंय ते कळेना. आमटीचा एक घोट घेऊन तो उठला. पलंगावर आडवा झाल्यावर पंधरा मिनिटांत पोट आपोआप सैल पडलं आणि मरणाची भूक लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. रात्रीही तेच. दोन आठवड्यांत सहा किलो वजन उतरलं. डॉक्टर इनामदार फोनवर स्पष्ट बोलल्या: आतडं असंच आवळत राहिलं तर जोड फाटेल. आठवडाभर वाट पाहू, नाहीतर काढून टाकू. काढलं की पिशवी. भोईटे आता एक वाजायच्या आधी तासभर घड्याळाकडे बघत बसायचा. आयुष्यात कुणाला न घाबरलेला माणूस वरणभाताला घाबरायला लागला.

तपासणीला दोघं गेले. डॉक्टरांनी त्याला आडवं करून पोटाला पट्टा लावला. आतड्याच्या हालचालीची रेघ पडद्यावर उमटायला लागली.

"भोईटेसाहेब, आपण म्हणतो ना, भीतीने पोटात गोळा आला. उलटंही होतं. आधी पोटात गोळा येतो, तो नसेवरून मेंदूला कळतो, आणि मेंदू घाबरतो. तुम्हाला वाटते ती भीती खालून वर येतेय. वळणातच काहीतरी आहे." त्यांनी दुसरा आलेख उघडला, गोळीने चाळीस दिवस टिपलेला, आणि तो पाहताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पूर्वाताई, तुम्ही दुपारी जेवता कधी?"

"यांचं झालं की."

"म्हणजे बरोबर नाही?"

"बरोबर कसं? गरम पोळी द्यायची असते. यांचं होऊन हे आडवे झाले की मग मी घेते. दोन वाजतात."

डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवलं. रोज एक ते पावणेदोन आतडं घट्ट बंद. मग सैल. चाळीसच्या चाळीस दिवस.

भोईटे ताडकन उठून बसला. "मग फॉर्म भरताना बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

पडद्यावरची रेघ सरळ वर चढली. भोईटे पोट धरून वाकला. कपाळ घामाने भरलं, ओठ पांढरे पडले.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "आता तेच परत म्हणा. हळू."

"बोलली... का नाहीस," तो कुजबुजला. रेघ थरथरली आणि उतरायला लागली.

भोईटे रेघेकडे बघत होता. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. ड्रोनच्या आलेखांत बिघाड शोधण्यात त्याचा जन्म गेला होता.

"मी हिच्यावर कधी हात उगारलेला नाही, मॅडम," तो अखेर म्हणाला. "विचारा तिला."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"कधीच नाही उगारला," पूर्वा घाईघाईने म्हणाली. "स्वभाव आहे फक्त. मनात काही नसतं."

"हे पुसता येतं का?" त्याने विचारलं.

"नाही. पेशींत बसलेलं वळण पुसता येत नाही. त्याच्यावर दुसरं वळण बसू शकतं, हळूहळू, त्याच घरात. कसं, ते औषधाच्या हातात नाही." डॉक्टर पूर्वाकडे बघून पुढे म्हणाल्या, "तोवर भोईटेसाहेबांनी एकट्याने, शांतपणे जेवून बघावं. कुणीही बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी भोईटेने स्वतः दोन ताटं मांडली. एकट्याने जेवायला सांगितलं होतं, पण ते त्याला पटलं नाही. त्याला काहीतरी दुरुस्त करायचं होतं, आणि दुरुस्ती म्हटली की त्याला दम नसे.

"बस," तो अगदी हळू म्हणाला. "आजपासून बरोबर."

ती बसली. पोळीचा तुकडा मोडला आणि हातात धरून राहिली. डोळे त्याच्या वाटीवर, मीठ बरोबर पडलंय का ते त्याच्या चेहऱ्यावर दिसेपर्यंत. त्याने दोन घास खाल्ले. पोट सैल होतं. त्याला रडू येण्याइतकं बरं वाटलं.

"जेव ना."

"हो."

तिने घास उचलला नाही. तो थांबला. आणखी थांबला. पाच मिनिटं झाली असतील.

"अगं, जेव की!"

आवाज वर गेला तो गेलाच. पोटातली मूठ आवळली गेली. त्याने डावी कूस दाबली, मान वर केली, आणि बघितलं तर पूर्वाने पदराखाली हात नेऊन तीच जागा दाबून धरली होती. चेहरा मात्र रोजचाच होता, शांत.

"तुला... असं किती वर्षं होतंय?" त्याने कसंबसं विचारलं. जोड फाटतोय का काय, या भीतीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पूर्वा उठली. त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, ताप आलेल्या लेकराच्या फिरवावा तसा.

"घाबरू नका," ती म्हणाली. "पहिली चार-पाच वर्षं जड जातात. मग सवय होते."