सरांनी बांधलेल्या फायली

त्या दिवशी येलहंक्यात ना ऊन ना पाऊस. नुसतं आभाळ भरून बसलेलं, वाऱ्याचं नाव नाही, दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत ओलेच. दोन वर्षांमागचा जून, मंगळवार. अमावास्या वगैरे नव्हती रे, साधी पंचमी. हे मला गुंडोनं स्वतः सांगितलंय, आणि गुंडो खोटं बोलायला लागला की अडखळतो. हे सांगताना अडखळला नाही.

गुंडो एका वाचनालयात झाडलोट करायचा. तिथले गुरुराज सर पुस्तकं द्यायचेच, शिवाय पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, असलेल्या प्रत्येक पोराची फाइल बांधून ठेवायचे. मार्क्स कार्ड, जातीचा दाखला, कुठल्या कॉलेजात काय शिकलं की पुढं कुठली नोकरी, सगळं त्यात. संक्रांतीला सर वारले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. कुणाला गरज वाटली नाही म्हणा. खोलीला कुलूप, आणि पोरं वाऱ्यावर.

गुंडोची धाकटी अनुषा. तिचा कॉलेजचा फॉर्म भरायला दुसऱ्याच दिवसापर्यंत मुदत, आणि दाखले त्या कुलपाआड.

"अप्पा, मीपण येते. तुम्हाला नावं कुठं वाचता येतात?"

"पंधरा वर्षं झाडतोय ती खोली. मला शिकवतेस? बरं, तू घरी भात टाक."

संध्याकाळी साडेसातला त्यानं झाडलोटीसाठी जवळ असलेल्या किल्लीनं कुलूप काढलं. वीज तोडलेली. मोबाइलच्या उजेडात कपाट उघडलं. शंभरेक फायली, सगळ्या सारख्याच. त्यानं अंदाजानं एक ओढली.

"ती नव्हे."

आवाज सरांचा. शांत. नेहमीसारखा.

गुंडो वळला नाही. दुसरी ओढली.

"हं. हीच अनुषाची."



"आणि सोनमची, गुंडो?"

सोनम त्याची थोरली. तिचीही फाइल सरांनी बांधली होती. तिला शिकू दे म्हणून सांगायला दोनदा घरी आले होते, चहा न घेता परत गेले. गुंडोनं तिला पीण्या नावाच्या वस्तीतल्या शिलाई कारखान्यात घातलं, आणि वर्षाच्या आत निपाणीकडं लग्न लावून दिलं.

गुंडोनं कपाटाचं दार लावलं.

मागं खुर्ची सरकली.



पाऊल वाजलं. एक.

तो अनुषाची फाइल छातीशी धरून पळाला. कुलूपसुद्धा लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी अनुषानं जाऊन आपला फॉर्म दिला. एकच फॉर्म.

पंधरा दिवसांनी यादी लागली. वाचून दाखवायला शेजारच्या महांतेशला घेऊन गुंडो कॉलेजात गेला. महांतेशचं बोट कागदावरून खाली सरकत आलं, थांबलं. तो हसला. मग पुन्हा थोडं वर गेलं. हसू गेलं.

"अनुषा सहावी, अण्णा. पण पाचवी आपली सोनम आहे. बापाचं नाव तुमचं, पत्ता तुमचाच... आता तिला हे सांगणार कोण?"