ट्रायपॉडची खुर्ची

“तू शेवटचा कधी हसला होतास?”

प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तो मॅडम आणि चिमणीने मिळून रचला होता, आणि विचारायची पाळी माझ्यावर आली होती. मॅडम म्हणजे माझी मैत्रीणच. शाळेतल्या बाईंपेक्षा जास्त हुकूम सोडते म्हणून मॅडम. चिमणी आमच्यातली तिसरी. शाळा सुटली की क्लासला जाताना वाटेत जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान लागतं. तिथे काचेमागे आमच्याच वयाचा एक मुलगा बसलेला असायचा. उंच, काटकुळा, कपाळावर भिंग चढवलेलं आणि चेहऱ्यावर… काही म्हणजे काही नाही. आम्ही काचेबाहेरून वेडीवाकडी तोंडं करून पाहिली. चिमणीने तर एकदा पायरीवर नाचून दाखवलं. तो ढिम्म. कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडवरून मॅडमने त्याचं नाव ट्रायपॉड ठेवलं.

गेल्या वर्षीची मी असते तर प्रश्न विचारणं सोडा, त्या गल्लीतून जायचंच बंद केलं असतं. पण या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात ऐनवेळी सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं. मी तीन पाहुण्यांची नावं चुकवली आणि तरीही कुणी मला खाऊन टाकलं नाही. तेव्हापासून मला शिंगं फुटली आहेत, असं आई म्हणते.

शिवाय मला खरंच काम होतं. आत्याने तिचा जुना डीएसएलआर कॅमेरा मला दिला होता. त्याच्याबरोबर आलेली लेन्स मी जिन्यावरून पाडली. मग घरातल्या कपाटातून बाबांच्या रोलच्या कॅमेऱ्याची एक लेन्स शोधून काढली. कंपनी एकच, त्यामुळे ती बसली. बसली, पण आपणहून फोकसच करेना. हाताने कडं फिरवून फोटो काढले तर सगळे पुसट. शाळेच्या फोटोग्राफी क्लबच्या सरांनी ते बघून सांगितलं होतं की तुला चष्मा आहे, हाताने फोकस करायच्या भानगडीत पडू नकोस, तुला ते जमायचं नाही.

तर प्रश्न विचारला. ट्रायपॉडने भिंग वर सरकवलं आणि माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं.

“आत्ताच,” तो म्हणाला. “बाहेर पायरीवर तू लेन्स लावत होतीस, तेव्हा.”

“पण तू तर हसला नाहीस.”

“आतल्या आत हसलो. समोर गिऱ्हाईक होतं.”

बाहेर काचेला नाकं लावून उभ्या असलेल्या दोघींना यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. त्यांना कळूही नये म्हणून मी गंभीर चेहऱ्याने कॅमेरा काउंटरवर ठेवला.

त्याने लेन्स काढली, रबरी फुंकणीने धूळ उडवली आणि पुन्हा लावून दाखवली. लेन्सवरचा ठिपका कॅमेऱ्यावरच्या ठिपक्यासमोर आणायचा आणि टक वाजेपर्यंत फिरवायचं. जोर लावायचा नाही. “एकमेकांसाठी बनवलेलं असलं की आपोआप बसतं,” तो म्हणाला.

“लेन्सबद्दलच बोलतोयस ना?” मी विचारलं. हे मात्र मला कुणी शिकवून पाठवलेलं नव्हतं.

त्याचे कान लाल झाले. चेहरा तसाच, फक्त कान. मग तो घाईघाईने सांगू लागला की लेन्स बसली म्हणजे सगळं जुळलं असं नसतं. फोकस फिरवायला एक छोटी मोटर लागते. काही कॅमेऱ्यांत ती असते, काही लेन्समध्ये असते. माझ्या जोडीत कुणाकडेच नव्हती.

“मग मोटर कोण?”

“तू,” तो म्हणाला.

मी त्याला सरांचं म्हणणं सांगितलं. माझे डोळे, माझा नंबर, जमायचं नाही… सांगताना आवाज थोडा बारीक झाला. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, लगेच खाली घेतला आणि विचारलं की हा आधी कुणाचा होता. मग जिथे डोळा लावतो त्याच्या शेजारचं एक इवलंसं चाक मला दाखवलं. वर्षभर कॅमेरा माझ्या हातात होता आणि ते चाक मला कधी दिसलंच नव्हतं. बघणाऱ्याच्या नजरेप्रमाणे ते फिरवून घ्यायचं असतं. आत्याने ते तिच्या डोळ्यांसाठी लावलं होतं.

“फिरव. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत.”

मी फिरवलं. आतले धुरकट हिरवे आकडे एकदम कोरल्यासारखे दिसू लागले. मग लेन्सचं कडं हळूहळू फिरवलं. धुक्यातून रस्ता वर यावा तसा समोरचा चेहरा वर आला. आधी भुवई, मग पापण्या, मग डाव्या गालावरचा तिळाएवढा व्रण… आणि कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागला, म्हणजे फोकस बरोबर. मी बटण दाबलं.

वर्षभर मी माझ्या डोळ्यांना दोष देत होते, आणि चूक त्यांची नव्हतीच. मला तिथे, काउंटरवर, रडायला आलं. त्याने मला भिंगं पुसायचं मऊ फडकं दिलं. मी त्या फडक्याला नाक पुसलं. ते फडकं नाकासाठी नसतं, हे त्याने मला दीड महिन्याने सांगितलं.

त्यानंतर कॅमेऱ्यातली धूळ काढून घ्यायच्या निमित्ताने मी तिथे रोज जाऊ लागले. मॅडमचं म्हणणं, एवढी धूळ तर वाळवंटातल्या कॅमेऱ्यातही जात नसेल. दुकान त्याच्या मामांचं होतं. तो त्यांच्याकडेच वाढला होता, माझ्याहून एका वर्षाने मोठा, दुसऱ्या शाळेत शेवटच्या वर्षाला. मी आत आले की तो मान वर न करता म्हणायचा, “आली फ्लॅश.” मी विचारायचे, एवढी चमकते का मी. तो म्हणायचा, नाही, लोक डोळे मिटतात. आणि कान लाल.

मामा लेन्स दुरुस्त करायचे. म्हणजे सांगायचे मामा आणि करायचा तो, कारण मामांचे हात आता थरथरत. पद्धत मात्र मामांचीच. पांढऱ्या कागदावर लेन्सएवढं वर्तुळ काढायचं, आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला तिथेच त्या वर्तुळावर ठेवायचा. दिसायला सारखे असले तरी दोन स्क्रूंची लांबी वेगळी असू शकते. अदलाबदल झाली तर लांब स्क्रू आत जाऊन भलतंच काही अडवतो. मामा म्हणायचे, ज्याचं घर त्यालाच द्यायचं.

एक दिवस त्यांनी गंमत म्हणून चिमटा माझ्या हातात दिला. मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू मी उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मामांनी चष्म्यावरून पाहिलं. हात इतका स्थिर कसा, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं: सहलीला जाताना चालत्या बसमध्ये अख्ख्या वर्गाला आयलायनर मीच लावते. मामा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी एक स्टूल आलं. हळूहळू मला लेन्स उघडता यायला लागली, मग पुसून पुन्हा बंद करता यायला लागली. मी बंद केलेली पहिली लेन्स मामांनी तीन वेळा तपासली आणि म्हणाले, “घे, गिऱ्हाइकाला दे.” त्या दिवशी मी क्लासमध्ये एकही गणित सोडवलं नाही. नुसती हसत बसले होते.

मग ती शिंक आली.

मामा बाहेर गेले होते. एका जुन्या लेन्सचं छिद्र कमीजास्त करणारं कडं आम्ही खोललं होतं. त्या कड्याखाली खसखशीएवढी पोलादी गोळी असते. कडं फिरवताना टकटक वाजतं ते तिच्यामुळे. ती कागदावर होती. मी शिंकले. ती कागदावर नव्हती.

आम्ही दोघं टेबलाखाली शिरलो. एका हातात चुंबक, दुसऱ्या हातात छोटी टॉर्च. फरशीला स्पिरिटचा वास येत होता. त्याचा खांदा माझ्या खांद्याजवळ आला, थांबला, आणि अदबीने दोन बोटं दूर झाला. त्या दोन बोटांच्या अंतरात मला माझाच श्वास ऐकू येत होता.

“सोमवारपर्यंत कळवायचंय,” तो अचानक म्हणाला. फरशीला उद्देशून.

“काय?”

मग तुकड्यातुकड्यांत बाहेर पडलं. भिंगं कशी घडवायची ते शिकवणारी एक संस्था आहे, रेल्वेने पूर्ण एका दिवसावर. दोन वर्षं तिथेच राहायचं. त्याची निवड झाली होती. पत्र येऊन तीन आठवडे झाले होते, आणि त्याने मामांना सांगितलंच नव्हतं. तो गेला तर बारीक काम कोण करणार? मामा दुरुस्ती बंद करतील. आणि दुरुस्तीशिवाय मामा म्हणजे…

“तर मी नाही म्हणून कळवणार आहे,” तो म्हणाला.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. रोजची संध्याकाळ, रोजचं “आली फ्लॅश”, सगळं आहे तसं राहणार होतं. क्षणभर झालाही, खोटं कशाला बोलू. पण मग त्याचा चेहरा दिसला. टॉर्चच्या उजेडात, अगदी जवळून. ज्या मुलाने मला माझे डोळे परत दिले, तो स्वतःच्या पुढचं सगळं दिसेनासं करून घेत होता.

गोळी मला सापडली. माझ्याच बुटाच्या फटीत.

“मामांना आज सांग,” मी म्हणाले. “तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. आणि मी कशी सांगते ते तुला माहीत आहे.”

मामा आले. त्याने सांगितलं, ट्रायपॉडसारखाच उभा राहून. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की पत्राचं पाकीट त्यांनीच टपालातून घेतलं होतं, तीन आठवडे ते वाट बघत होते. जायचं, हे त्यांच्या मते ठरलेलंच होतं. दुरुस्तीचं टेबल आवरून टाकू, नुसते कॅमेरे विकू, त्यात काय एवढं. हे म्हणताना ते वर्तुळाचा कागद हाताने सारखा करत होते, आणि तो हात थरथरत होता. त्याने ते पाहिलं. “मग मी जात नाही,” तो म्हणाला.

“मी बसेन,” मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“संध्याकाळी दोन तास. जे येतं ते करेन, येत नाही ते मामा सांगतील. मी शिंकताना मान वळवेन.”

मामा म्हणाले, “पोरी, आधी घरी बोल.” चष्मा काढून ते पुसत राहिले. माझ्यासमोर त्यांनी तो पुन्हा घातलाच नाही.

तो पायरीपर्यंत सोडायला आला. रस्त्यावर संध्याकाळचा तो तिरपा पिवळा उजेड होता, ज्यात कुणाचाही फोटो चांगला येतो.

“हे तू माझ्यासाठी करतेयस?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “मला लेन्स आवडतात. मामा आवडतात.” पुढचं वाक्य अवघड होतं, पण कार्यक्रमात मी तीन नावं चुकवून जिवंत राहिले होते… “आणि तू आवडतोस. म्हणजे थोडंसं तुझ्यासाठी.”

“थोडंसं किती?”

“मोजायला सांगू नकोस. गणितात कच्ची आहे.”

तो हसला. आतल्या आत नाही, चांगला दात दिसेपर्यंत. माझ्या गळ्यात कॅमेरा होता, आणि तरी मी फोटो काढला नाही. मला नुसतं बघायचं होतं.

“मला वाटलं होतं, फक्त मलाच तू…” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. ते फडकं मी अजून धुतलेलं नाही.”

“शी,” मी म्हणाले. इतकं सुंदर मला आजवर कुणी काही म्हटलेलं नाही.

घरी पोचले तेव्हा आई मटार सोलत होती आणि बाबा शर्टांना इस्त्री करत होते. वाटेभर मी सगळं पाठ केलं होतं, दार उघडताच विसरले. मी आधी आभारच मानले. लेन्स कपाटात जपून ठेवल्याबद्दल बाबांचे, आणि मला शिंगं फुटली तेव्हा ती न छाटल्याबद्दल आईचे. आईने शेंग हातातच धरून विचारलं की ताप वगैरे आहे का. मग आवाज खाली आणून, त्या दुकानातल्या मुलाचं काही आहे का. चिमणीच्या पोटात काही राहत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

“हो. तो मला आवडतो,” मी म्हणाले.

इस्त्री जागच्या जागी थांबली. मी म्हटलं, बाबा, शर्ट. बाबांनी ती घाईने उभी केली.

“आणि पुढच्या महिन्यात तो शिकायला लांब जातोय, दोन वर्षं. त्याने जायलाच हवं. म्हणून मी ठरवलंय,” मी एक मोठा श्वास घेतला. “उद्यापासून मी क्लासची सकाळी सहाची बॅच धरणार. हो आई, मीच, एका हाकेत उठणार. आणि संध्याकाळी मामांच्या दुकानात त्याच्या खुर्चीवर बसून लेन्स दुरुस्त करणार.”