काळ्या रेतीवरचा कण

मेरिनचा पाय थेट काठावर ठेवलेल्या त्याच्या परातीत पडला!

“अहो बाई, सोनं आहे त्यात!” ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा असलेला तरुण ओरडला.

“किती?”

“तुमच्या बुटाला चिकटलंय तेवढंच.”

अशी झाली ओळख. तो कॅलम क्वॉन. त्याचे खापरपणजोबा चीनहून सोन्यामागे ऑस्ट्रेलियातल्या या यॅकनडांडा गावात आले. सोनं संपलं, पण क्वॉन मंडळी काही हलली नाहीत. मेरिन मेल्बर्नची. दूर पर्थला चांगली नोकरी चालून आली होती. शुक्रवारी होकार कळवायचा, त्याआधी चार दिवस सोन्याची जुनी गावं बघायची, एवढाच तिचा बेत.

पण गावं दाखवायला कॅलम भेटला ना! बीचवर्थच्या मधाळ रंगाच्या दगडी इमारती, ब्राइटचे पिवळ्या पानांनी भरलेले रस्ते... आणि मग यॅकनडांडाजवळची एक घळ. तळातलं सोनं मिळावं म्हणून ओढा वळवायला माणसांनी अख्खा कातळ फोडला होता. छिन्नीच्या एका खुणेत मेरिननं बोट घातलं.

“हे सगळं... हातांनी?”

“हातांनीच. आशा माणसाकडून काय करून घेईल, नेम नाही.” तो कातळाकडे नाही, तिच्याकडे बघत होता. तिनंही नजर काढून घेतली नाही.

शुक्रवारी दुपारी त्यानं ओढ्याची रेती परातीत घोळवली, पाणी निथळलं आणि परात तिच्यापुढे धरली. काळ्या रेतीवर तांदळाएवढा पिवळा कण चमकत होता.

मेरिनला हसू फुटलं. तिच्या आजोबांच्या साऱ्या सुट्ट्या अशाच ओढ्यांत सोनं शोधण्यात गेल्या होत्या.

“कॅलम, सोनं जड असतं. रेतीच्या तळाशी बसतं. हे वर कसं रे आलं?”

तो कानापर्यंत लाल झाला. “मीच... टाकलं. नवव्या वर्षी सापडलेला माझा पहिला कण. म्हटलं, रिकाम्या हातानं गेलीस तर पुन्हा फिरकायची नाहीस.”

“लबाड!”

“लबाडी कणापुरतीच. बाकी... फार आवडतेस तू मला, मेरिन. जाऊ नकोस ना.”

ओढा दीडशे वर्षांपूर्वी वळवलेल्या वाटेनं खळाळत होता. तिनं हळूच विचारलं,

“सोनं शोधायला परवाना लागतो ना?”

“लागतो. गावातल्या दुकानात काढून मिळतो. पण एक-दोन दिवसांचा मिळत नाही. एकदम दहा वर्षांचा.”

“पर्थला चालतो?”

“छे! फक्त याच राज्यात.”

“मग चल,” तिनं त्याचा ओला हात घट्ट धरला, “दुकान बंद व्हायच्या आत काढू.”