पट्टा क्रमांक सातची हजेरी

विषय : अभयारण्यातील गवताळ पट्टा क्रमांक सात यापुढे न जाळण्यास परवानगी मिळणेबाबत.

उपरोक्त अर्ज करणारे वनपाल भित्र्यांपैकी नव्हेत. बिबट्या दिसला तर उभं राहा, तपासणी पथक दिसलं तर पळा, असं ते नव्या माणसांना सांगत.

हिवाळा सरता सरता तळ्याकाठचं गवत पुरुषभर उंच होतं. शेजारच्या वस्तीतली माणसं आपला वाटा कापून नेतात. उरलेलं पट्ट्यापट्ट्यानं जाळायचं, म्हणजे कोवळे कोंभ फुटतात आणि हरणं टिकतात, असं व्यवस्थापन आराखड्यात लिहिलं आहे. आराखड्यात न लिहिलेली एक गोष्ट मात्र अधिक पाळली जाते. काडी ओढण्याआधी वनपालानं शिट्टी मारायची आणि पट्ट्याभोवती उभ्या असलेल्या प्रत्येक मजुरानं आपला आकडा ओरडायचा. आकडे पुरे झाले की काडी.

आदल्या वर्षी याच पट्ट्यावर मजूर पाच होते. पाचवा, म्हाताऱ्या रखवालदाराचा भाचा, विसरलेला विळा आणायला गवतात शिरला. वारा फिरायच्या बेतात होता. आकडे पुरे झाले, काडी ओढली गेली. चौकशीत सगळ्यांनी सांगितलं, 'पाच' ऐकू आला होता. आकडा देऊन मग तो आत गेला असावा, असा निष्कर्ष निघाला आणि फाइल बंद झाली. रखवालदाराला सगळे मामा म्हणत. त्यानंतर म्हणताना जीभ अडखळू लागली.

या वेळी मजूर चार. भर दुपार, ऊन पांढरंफटक. वनपालांनी शिट्टी मारली. एक, दोन, तीन आले. मामांनी चार दिला.

"पाच."

आवाज गवताच्या आतून आला होता. एक बगळा उडाला, बाकी काही हललं नाही.

"साहेब, अशी चेष्टा नको," तिसऱ्या क्रमांकाचा मजूर हळूच म्हणाला. कारण आवाज वनपालांचाच होता.

वनपालांचं तोंड मिटलेलं होतं. आदल्या वर्षी मात्र ते मिटलेलं नव्हतं.

कुणी आत आहे का ते बघून येतो, असं ते म्हणाले. न बघता काडी ओढायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती, आणि मजुरांच्या नजरा सोसवत नव्हत्या. काडेपेटी आणि शिट्टी त्यांनी मामांच्या हाती दिली. "पाच आता माझा. मी दिल्याशिवाय काडी ओढायची नाही."

"नाही ओढणार, साहेब. मी पाचाची वाट बघीन."

दहा पावलांत ऊन संपलं. गवत मागे मिटत गेलं. पानांची सळसळ कधी डावीकडून येई, कधी अगदी मानेजवळून, आणि वारा तर पडलेला. जळक्याचा वास येत होता, वर्षाचा पाऊस अंगावर घेतलेल्या जमिनीला यायला नको तसा. बुटाला काही लागलं. ते वाकले. विळा होता, मूठ जळालेला. त्यांनी पात्याला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. पातं गरम होतं…

बाहेर शिट्टी वाजली. एक. दोन. तीन. चार. थांबा म्हणायला वनपालांनी श्वास घेतला.

"पाच…"

बाहेरून, थेट मामांच्या शेजारून आला तो. वनपालांचाच आवाज, लवकर घरी जायचं असलेल्या माणसाचा. वनपाल ओरडले तेव्हा गवत तडतडू लागलं होतं.

तळ्याच्या चिखलातून ते सरपटत बाहेर आले. भुवया गेल्या होत्या, एक बाही जळाली होती. मामा काडेपेटी धरून तसेच उभे होते.

"मी वाट बघितली, साहेब. पाच आला. तुमचाच आवाज." मामांनी काडेपेटी पुढे केली. "मागच्या वर्षीही तुमचाच होता…"

अर्जात वनपालांनी दोन्ही दिवसांची हकीकत लिहिली, स्वतः दिलेल्या खोट्या आकड्यासह. खाली त्यांची सही आणि चार मजुरांचे अंगठे. वरिष्ठ कार्यालयानं एकच हरकत काढली : अर्जदार पाच असता सही एक व अंगठे पाच कसे? शेवटचा अंगठा शाईचा नसून काजळीचा आहे, खुलासा करावा.

खुलासा पाठवून अकरा महिने झाले. पट्टा क्रमांक सातची पाळी येत्या सोमवारी आहे. अर्ज प्रलंबित आहे.