तबकडीवरचा अंगठा

"कडेनं धर, रूपा! हां, शाब्बास!" उत्तमरावमामा म्हणाले आणि मनकर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पुसेगावला मामांकडे आली ती खास त्यांचा फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, वाजवायला! आणि चावी फिरवायचा मान कोणाला? तर तांड्यावरच्या भावसिंगच्या पोरीला, रूपाला! रूपा तबकडी दोन तळव्यांत कडेनं धरायची, हलकेच फुंकर मारायची, मामांना गाण्याचं नाव वाचायला लावायची, मगच फोनोवर ठेवायची. पंधरा दिवस मनकर्णा हे टक लावून बघत होती आणि आतल्या आत जळत होती. सख्खी भाची कोण, मी की ती?

आणि आज तर कळमनुरीचे व्यंकटराव सगळ्याच तबकड्या न्यायला आले होते!

"मला गाण्याचं येड हाय," ते म्हणाले. "जुन्या रिकार्डी जमा करतो. माझ्याकडं जिवापाड जपून ऱ्हातील."

"न्या मग," भोळे मामा म्हणाले. "जर्मनच्या लढाईपायी फोनोच्या सुया मिळून न्हाई राहिल्या. शौकिनाच्या घरी तरी वाजतील."

रूपाचे डोळे भरून आले. मनकर्णाला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तबकड्या गेल्या की रूपाचं येणं बंद!

तेवढ्यात व्यंकटरावांनी एक तबकडी उचलली, अंगठा थेट रेघांवर दाबला आणि नाव न वाचताच ती उन्हातल्या पोत्यात टाकली.

मनकर्णा चमकली. असं तर रूपानं एकदाही केलं नव्हतं! गाण्याचं वेड असलेला माणूस असं धरतो?

बोलावं का? पण बोललं तर रूपा रोज येणार, मामा रोज तिलाच शाब्बास म्हणणार. 'जाऊ दे,' असं तिच्या मनात आलंसुद्धा. इतक्यात तिला रूपा दिसली. बिचारी डोळे पुसत एकेक तबकडी फडक्यानं साफ करून देत होती. मग मात्र मनकर्णाला राहवेना.

तिनं धाकट्या भावाला, ग्यानबाला, बाजूला ओढलं. "माळ्यावरची फुटकी रिकार्ड आण. पळ!"

"मामा मारतील की!"

"मार मी खाईन, तू आण!"

तुकडे पुढे करून ती साळसूदपणे म्हणाली, "काका, ही फुटून गेली. न्हाई चालणार ना?"

"काहून न्हाई? टाक की! वजनात बराबर भरते!"

"वजनात?" ग्यानबा ओरडला. "तुमी गाणं तराजूत घालून ऐकता?"

व्यंकटरावांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता! रूपानं मामांच्या तबकड्या अलगद बाहेर काढल्या आणि पोतं उलटं केलं. आत गावोगावच्या तबकड्यांचे तुकडेच तुकडे! मामांनी दरडावलं तसे व्यंकटराव खरं बोलले. तबकडीत लाख असते, बांगड्या करतात तीच. लढाईत लाख महागली होती, म्हणून ते तबकड्या वितळवून लाख विकत होते.

"चालते व्हा!" मामा गरजले. पोतं तिथंच टाकून व्यंकटराव चालू पडले.

"तुला कसं कळलं गं, पोरी?" मामांनी विचारलं.

मनकर्णानं मान खाली घातली. "रूपाकडं बघून. मी रोज तिच्यावर जळून राहिले होते, मामा. म्हणून तिचं सगळं ध्यानात राहिलं."

मामा पोट धरून हसले. रूपाही हसली आणि तिनं एक तबकडी पुढे केली. "इतकं बघितलं, तर आता धर की!"

मनकर्णानं ती कडेनं धरली. रूपासारखीच हलकेच फुंकर मारली.

"शाब्बास, मनकर्णा!" मामा म्हणाले. याच एका शब्दासाठी ती पंधरा दिवस झुरत होती!

चावी मात्र रूपानंच फिरवली. मनकर्णा पुन्हा जळली, पण अगदी थोडीशीच.