उजेडाची बाजू

सांगतो, पण दिवा राहू द्या चालू. मला अंधाराची भीती वाटते असं नाही. हे सगळं घडलं तेही भर दुपारी. पण सांगताना समोरच्याचा चेहरा दिसलेला बरा.

माझी मावशी सत्तरीला टेकल्यावर फोटोग्राफी शिकायला लागली. मला आईच्या जागी तीच. तिने मला वाढवलं, शिकवलं आणि मी कवळ्या बनवायच्या धंद्यात पडलो तेव्हा माझं नाव ‘बोळक्या’ ठेवून मोकळी झाली. ती आणि काका मिळून शिवणकामाचं दुकान चालवायचे. काका कापायचे, मावशी जोडायची. दुकानामागच्या खोलीत त्यांचा संसार. काका गेले, मशीन थांबलं, आणि मावशी तिथे एकटीच राहिली. मध्यंतरी न्हाणीत पाय घसरून पडली, तरी जागा सोडेना. माझ्याकडे चल म्हटलं की तिचं एकच उत्तर असायचं.

“मी आले तर तुझे काका एकटे पडतील.”

तिचं मन रमावं म्हणून मीच तो क्लास लावून दिला. शिकवणाऱ्या मॅडम तिच्या नातीच्या वयाच्या. लेन्सचं भोक लहानमोठं कसं होतं हे त्या समजावायला लागल्या, तर मावशी म्हणाली, “डोळ्यातल्या बाहुलीसारखं. पुढे बोल.” कॉम्प्युटरवर फोटो कापून एकमेकांना जोडायचे, हे कळल्यावर तर ती हरखलीच. “अगं, मग याला फोटो कशाला म्हणतेस? ही तर शिवणच झाली.” आणि तिने एकेक चित्र जोडायला सुरुवात केली. माझ्या धडावर वाफ सोडणारी किटली. रिळातून उगवलेल्या मॅडम. ढगांमध्ये दोरी बांधून तिच्यावर चिमट्यांनी वाळत घातलेली ती स्वतः. ती चित्रं मी कामाच्या टेबलासमोर लावली होती. दिवसभर लोकांचे दात घासता घासता वर पाहिलं की हसू यायचं.

मॅडमच्या दोन गोष्टी मावशीने पक्क्या धरल्या होत्या. पहिली अशी की गर्दीची जागा रिकामी दाखवायची असेल, तर कॅमेरा एका जागी घट्ट बसवून थोड्या थोड्या वेळाने पुष्कळ फोटो घ्यायचे आणि सगळे एकावर एक ठेवायचे. जे हलतं ते पुसलं जातं, जे जागचं हलत नाही तेवढंच उरतं. दुसरी उजेडाची. दोन फोटो जोडताना दोन्हींत उजेड एकाच बाजूने यायला हवा, नाहीतर शिवण उघडी पडते.

मग मालकाने कळवलं की इमारत पाडणार, दुकान रिकामं करा. मावशीचा नाइलाज झाला. आम्ही सामान हलवायला गेलो ती साधीच दुपार होती. हमाल खोकी उचलत होते, मी दोरखंड शोधत होतो, मावशी सगळ्यांवर ओरडत होती. त्यातच तिने कोपऱ्यात तिकाटण्यावर कॅमेरा उभा केला आणि येताजाता कॅमेऱ्याचं बटण दाबत राहिली. दुकानाची एक शेवटची आठवण हवी, म्हणाली, आणि त्यात हमाल नकोत.

माझ्या घरी आल्यावर तिने ते फोटो एकत्र केले. हमाल गेले, खोकी गेली, मी गेलो, ती गेली. दुकान रिकामं झालं. आणि खिडकीजवळच्या स्टुलावर काका बसलेले होते.

धुरकट नाही की अर्धवट नाही. रोज बसायचे तसे मान खाली घालून, डाव्या हातात कातर धरून. काका डावखुरे होते, कातरही मुद्दाम तशी बनवून घेतलेली. खिडकीचा उजेड डाव्या गालावर पडला होता. मी एकेक फोटो उघडून पाहिला. प्रत्येकात स्टूल रिकामं होतं. एकत्र केले की काका. खोलीत ओल्या कापडावर इस्त्री फिरवल्याचा वास यायला लागला. माझ्या घरात इस्त्री नाही, कपडे बाहेरच देतो.

“मावशी... तुला दिसतंय ना?”

“मला रोजच दिसायचे. तुम्हीच मला खुळ्यात काढत होता.” तिने पडद्यावर काकांच्या खांद्याजवळची धूळ अंगठ्याने पुसली. “चला, आता यांनाही घेऊन येऊ.”

मी बघत राहिलो. तिने माझ्या बाल्कनीचा फोटो काढला होता, त्यात एक वेताची खुर्ची होती. आयुष्यभर कापड कापलेल्या माणसाला तिने कडेकडेने असं अलगद कापून काढलं की एक केस मागे राहिला नाही. खुर्चीत बसवलं. पण बाल्कनीत उजेड नेमका दुसऱ्या बाजूने येत होता. मग तिने एक बटण दाबून काकांना आडवं उलटं केलं, डावीकडचं उजवीकडे. उजेड जुळला. शिवण कुठे दिसेना. चित्र छापून, फ्रेम करून तिने उशाशी ठेवलं आणि त्या रात्री ती माझ्या घरी पहिल्यांदा शांत झोपली.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले, हे कबूल करायला हवं. मावशी दोन घास जास्त जेवायला लागली. दुपारी बाल्कनीतून तिच्या गप्पा ऐकू यायच्या आणि मधूनच वेताची खुर्ची करकरायची. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण तिचा चेहरा पाहिला की वाटायचं, असू दे. भूत असलं तरी आपलं काय जातंय.

“आयुष्यभर मी तोंड उघडलं की हे मशीन सुरू करायचे,” एकदा ती म्हणाली. “आता ऐकतात. उलट तेच विचारतात.”

“काय विचारतात?”

“जुनं सगळं. आमचं लग्न कसं झालं, दुकान कुठे होतं, तू कोण. बरंच विसरलेत बिचारे.” मग ती हसली. “आणि कप उजव्या हाताने धरतात. मेल्यावर सुधारले.”

ती आत गेल्यावर मी फ्रेम हातात घेतली. कातर उजव्या हातात. भांग उलटा. ओठाजवळचा तीळ भलत्या बाजूला. चित्र उलटं केलंय, दुसरं काय होणार, अशी मी मनाची समजूत घातली. आरशात माणूस उलटाच दिसतो, म्हणून तो दुसरा होत नाही. पण आरशातला माणूस आपल्याला प्रश्न विचारत नाही.

गेल्या गुरुवारी मालकाला चावी द्यायची होती. मी जरा लवकर गेलो, कॅमेरा घेऊन. स्टूल तेवढं तिथेच राहिलं होतं. शटर अर्धं उघडं ठेवून मी मावशीसारखाच इकडून तिकडे फिरत बटण दाबत राहिलो. मग शटर ओढलं, कुलूप लावलं, चावी मालकाच्या हातात दिली. तो म्हणाला, सोमवारी माणसं येतील पाडायला.

घरी येऊन फोटो एकत्र केले. स्टूल रिकामं होतं.

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे काका खरंच आमच्याकडे आले होते. मी उगाच त्यांच्यावर संशय घेत होतो. मग माझी नजर शटरकडे गेली.

काका तिथे उभे होते. बाहेर जायचे कपडे, पायांत बूट, डाव्या हातात छोटी पिशवी. मान वाकवून अर्ध्या शटरखालून रस्त्याकडे बघत होते. कुणीतरी न्यायला येणार आहे असं सांगितलेला माणूस जसा लवकर तयार होऊन दाराशी उभा राहतो, तसे. आणि मी त्यांच्यासमोरच शटर ओढून घेतलं होतं.

“बोळक्या... आलास का रे?” बाल्कनीतून मावशीचा आवाज आला.

“आलो.”

खुर्ची करकरली. मग मावशी हळूच म्हणाली, “तुझे काका विचारतायत... दुकानात मागे कुणी राहिलं नाही ना?”

दारातून मला तिची पाठ दिसत होती. तिने केस नीट विंचरले होते. इतक्या वर्षांत ती अशी निर्धास्त बसलेली मी पाहिली नव्हती.

“नाही,” मी म्हटलं. “कुणी नाही.”

“बरं झालं,” बाल्कनीतून उत्तर आलं. मावशी अजून माझ्याकडे वळलीही नव्हती. आवाज काकांचाच होता.